संगमरवरी देवमूर्ती

तळवलीच्या पूर्वेस जो डोंगर दिसतो तो काळ्या पाषाणाचा आहे. संगमरवर आपल्या कोकणपट्टीत निघत नाही. आपल्या देवळांतील शुभ्र मूर्ती बहुधा राजस्थानातून येतात. दगड मकराण्याच्या खाणींतला, घडण जयपुरची. ताजमहालास लागलेला संगमरवरही मकराण्याचाच होय.

ठोकळ्यावर आकृती रेखून कारागीर प्रथम जाड टाकीने नको तो भाग उडवितो. मग बारीक टाकी, कानस, व अखेरीस पाणी घालून घासणी. हात व आयुधे शक्यतो अंगास जोडून ठेवावी लागतात, कारण सुटा भाग सहज मोडतो. मातीतली चूक बोटाने बुजते. उडालेले नाक कोण परत बसविणार?

संगमरवर म्हणजे भूगर्भातील उष्णतेने व दाबाने पालटलेली चुनखडी. म्हणूनच तो टाकीस वश होतो, आणि म्हणूनच आंबटास भितो. आम्ही वर्गात त्याच्या भुकटीवर लिंबू पिळले, तेव्हा ती फसफसली. मागच्या बाकांवरील मुलेही उठून पुढे आली! दह्यानेही मूर्तीची झिलई हळूहळू जाते. सबब ज्यांच्या घरी अशी मूर्ती असेल त्यांनी पंचामृताचे स्नान धातूच्या लहान मूर्तीस घालावे. पुष्कळ देवळांत तशी रीत आहेच.