सबवूफर घेताना वॅटआधी ओहम पाहणे गरजेचे. चुकीच्या जोडणीने ॲम्प्लिफायर निकामी होण्याचा धोका

नवी दिल्ली : लाल किल्ल्यासमोरील लजपतराय मार्केट असो वा करोल बागेतील मोटारीच्या साहित्याची दुकाने, सबवूफर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : किती वॅटचा? खोक्यावर ठळकपणे छापलेला हा आकडा अनेकदा केवळ क्षणिक कमाल क्षमता सांगतो. ॲम्प्लिफायर टिकणार की जळणार, हे मोठ्या प्रमाणात ओहमच्या आकड्यावर ठरते.

ओहम हे इम्पीडन्सचे, म्हणजे सबवूफरच्या कॉइलकडून विद्युतधारेला होणाऱ्या विरोधाचे एकक. विभवांतर तेच राहून विरोध निम्मा झाला, की धारा दुप्पट होते. गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला आणि शाळेत शिकवला जाणारा हा नियम येथेही लागू होतो. म्हणूनच ४ ओहमऐवजी २ ओहमचा भार जोडल्यास ॲम्प्लिफायर अधिक शक्ती देतो आणि विक्रेत्यालाही आवाज ‘दणदणीत’ करून दाखवता येतो. मात्र उष्णताही वाढते. माहितीपत्रकात किमान २ ओहम अशी मर्यादा असताना १ ओहमचा भार देणे म्हणजे ट्रान्झिस्टर पणाला लावणे होय.

खरा घोळ तारा जोडताना होतो. ४ ओहमचे दोन सबवूफर एकसर जोडले तर एकूण ८ ओहम होतात, समांतर जोडले तर २. दुहेरी कॉइलच्या सबवूफरला चार टोके असतात. ‘ड्युअल ४ ओहम’ असे वाचून अनेक जण तो ४ ओहमचाच समजतात. प्रत्यक्षात दोन्ही कॉइल वापरल्यास भार ८ किंवा २ ओहमच होतो. असे दोन सबवूफर घेऊन चारही कॉइल समांतर जोडल्या, तर भार १ ओहमवर येतो. प्रत्येकाच्या कॉइल एकसर जोडून मग दोन्ही सबवूफर समांतर जोडल्यास तो ४ ओहम राहतो.

दोन चॅनेल एकत्र करणाऱ्या ‘ब्रिज’ जोडणीत प्रत्येक चॅनेलला निम्माच भार जाणवतो. त्यामुळे प्रति चॅनेल २ ओहम चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला ब्रिजमध्ये ४ ओहमच द्यावे लागतात. भार मर्यादेपेक्षा जास्त ओहमचा असल्यास नुकसान नाही. आवाज थोडा कमी मिळतो, इतकेच.

ॲम्प्लिफायरला जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासणी करता येते. ४ ओहमच्या कॉइलवर साधारण सव्वातीन ते पावणेचार ओहम दिसले, तर तो दोष नव्हे. मीटर केवळ एकदिश धारेचा रोध मोजतो.

मोटारीत आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. ५०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर निम्म्या कार्यक्षमतेचा असेल, तर तो बॅटरीकडून सुमारे ७० अँपिअर खेचतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात आधीच तापलेल्या डिकीत बारीक तार वितळू शकते. म्हणून जाड तार आणि तिला साजेसा फ्यूज हवा. तोही ॲम्प्लिफायरजवळ नव्हे, बॅटरीच्या अगदी लगत. अन्यथा मधली तार गाडीच्या पत्र्याला घासून उघडी पडल्यास तिला संरक्षण उरत नाही.