पडलेली गाडी उचलणार कोण?

माझा भाचा मोठी मोटारसायकल घ्यायला निघाला आहे. पुण्याहून स्पितीला एकट्यानं जायचा बेत आहे आणि पैसे कर्जाचे. आपाचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला, "तू समजाव त्याला." ऐन उमेदीत मी बुलेटवर कोकण पालथं घातलं होतं, एवढीच माझी पात्रता. भाच्याचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "मामू, जर्मन घेऊ की जपानी?"

डांबरावर दिवसाला पाचशे किलोमीटर जायचं आणि रस्ता संपला तरी थांबायचं नाही, अशा दुहेरी कामाच्या या गाड्या. या घराण्याची सुरुवात १९८० च्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस पासून मानतात. पुढच्याच वर्षी तिनं पॅरिस-डकार शर्यत जिंकली. आज तिची वारस आहे आर १३०० जीएस. भाच्याच्या मनातली दुसरी गाडी होंडाची आफ्रिका ट्विन.

दोघींतला फरक पुढच्या चाकापासून सुरू होतो. जीएसचं पुढचं चाक १९ इंची आणि रुंद. हमरस्त्यावर, घाटाच्या वळणांवर ते झटकन वळतं आणि घट्ट धरतं. आफ्रिका ट्विनचं २१ इंची आणि अरुंद. ते दगडावरून सहज चढून जातं, खड्ड्यात अडकत नाही, पण डांबरावर वळायला जरा आळशी. जीएसमध्ये मागच्या चाकाला ताकद पोचते ती बंद नळीतल्या दांड्यातून. तेलपाण्याची कटकट नाही, पण बिघडला तर गावातला मिस्त्री हात लावणार नाही. होंडाला साखळी आहे. ती साफ करा, ताणा, तेल द्या. तुटली तर वाटेवर जोडता येते. जीएसच्या इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात. त्यामुळे वजन खाली राहतं आणि गाडी चालताना हलकी वाटते.

चालताना, बरं का! आम्ही कवी वाऱ्यावर स्वार होण्याच्या ओळी लिहून टाळ्या घेतो. वजनाची खरी ओळख गाडी आडवी झाल्यावर होते. जीएस २३७ किलो, होंडा तिच्याहून थोडीच कमी. त्यावर पेट्या, तंबू, कपडे. माझी बुलेट यांच्यापुढे पोरच म्हणायची, तरी एकदा पावसात जांभ्याच्या रस्त्यावर घसरली तेव्हा ती उचलायला दोन वाटसरू यावे लागले. स्पितीत ओढ्यातल्या गोट्यांवर, उंचावरच्या विरळ हवेत, तेही मिळतील याची खात्री नाही.

२००४ साली इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे नट बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाड्या घेऊन लंडनहून न्यूयॉर्कला निघाले. मंगोलियाच्या चिखलात त्या पुन्हा पुन्हा आडव्या झाल्या. त्यांच्या छायाचित्रकाराची गाडी नादुरुस्त झाली, तेव्हा तिथंच एक साधी, हलकी रशियन मोटारसायकल विकत घेतली आणि तो तिच्यावर पुढे गेला.

म्हणून भाच्याला म्हटलं, दोन्ही गाड्या उत्तम आहेत. बायको मागे बसवून हमरस्त्यानं देश बघायचा असेल तर जीएस, कच्चा रस्ता जास्त असेल तर होंडा. पण तू एकटा, आणि तोही ओढ्यातून. मग रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० सुद्धा बघ. तिचंही पुढचं चाक २१ इंची, वजन १९६ किलो आणि किंमत कितीतरी कमी. महामार्गावर ती मोठ्या गाड्यांइतकी पळणार नाही, हे खरं. आणि कुठलीही घेतलीस तरी आधी उचलायला शीक. इंजिन बंद कर, गिअर टाकून ठेव, उजवीकडे पडली असेल तर स्टँड आधीच काढ. मग गाडीकडे पाठ करून बस आणि पाठीच्या नव्हे, मांड्यांच्या जोरावर उठ.

काल आपाचा पुन्हा फोन आला. "तू काय सांगितलंस त्याला? अंगणात शेजाऱ्याची मोटारसायकल आडवी पाडून उचलत बसलाय."