वैद्यकीय शिक्षणातील अभिरूप रुग्ण : ऊसतोड महिलांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
बालाघाटच्या डोंगररांगेतील धारूर हा बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचा तालुका होय. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड व फडावरील गैरसोय ही त्यामागील कारणे सर्वश्रुत आहेत. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी त्या स्त्रीला पर्याय समजावून सांगितले गेले काय, हा प्रश्न वैद्यकीय शिक्षणाशी निगडित आहे.

संकल्पना व विकास :
विशिष्ट रुग्णाची भूमिका प्रशिक्षण घेऊन सातत्याने वठविणारी व्यक्ती म्हणजे अभिरूप रुग्ण. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे हा प्रयोग प्रथम केला. १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डेन यांनी डंडी येथे मांडलेल्या ओएससीई परीक्षापद्धतीमुळे त्यास व्यापक स्थान मिळाले. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांच्या शिक्षणाचा समावेश झाला. त्यासाठी ही पद्धती उपयुक्त ठरते.

या पद्धतीचे तीन लाभ संभवतात. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तोच प्रसंग उभा करता येतो; चुकीचा भार खऱ्या रुग्णावर पडत नाही; आणि भूमिका संपताच रुग्णाच्या बाजूचा अभिप्राय मिळतो.

स्थानिक उपयोजन :
भूमिकालेखन रुग्णाच्या बोलीत असणे आवश्यक आहे. “अंगावरून पांढरं जातंय, एकदाची पिशवी काढून टाका,” असे अभिरूप रुग्ण सांगते. विद्यार्थ्याने केवळ ‘श्वेतप्रदर’ अशी नोंद केली, तर मुलाखत अपुरी राहते. तिला ही घाई का आहे, कर्करोगाची भीती कोणी घातली, औषधोपचाराचा पर्याय तिला ठाऊक आहे काय, हे त्याने विचारावयास हवे. विचारल्याविना ती उचलीविषयी बोलणार नाही, अशी सूचना भूमिकेतच असावी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेत अशी भूमिका विशेष समर्पक ठरेल.

मर्यादा व दक्षता :
अभिरूप रुग्ण हृदयाचा विकृत ध्वनी किंवा वाढलेली प्लीहा दाखवू शकत नाही. त्यामुळे रुग्णशय्येजवळील शिक्षणास तो पर्याय नव्हे. शस्त्रक्रियेचा अनुभव घेतलेल्या स्त्रीवर तीच भूमिका लादू नये. पूर्वसंमती, मानधन व सत्रानंतर भूमिकेतून बाहेर येण्यासाठी पुरेसा वेळ या बाबी अनिवार्य मानाव्यात.

समारोप :
गर्भाशय काढण्याच्या प्रश्नाचे मूळ मजुरीच्या व्यवस्थेत आहे. केवळ संवादप्रशिक्षणाने तो सुटणार नाही. तथापि संमतीपत्रावर अंगठा घेणे आणि संमती घेणे यांतील भेद भावी डॉक्टरला पदवीपूर्वीच कळावा, यासाठी अभिरूप रुग्ण हे प्रभावी साधन आहे, असे म्हणता येईल.