‘दि ममी’ : वाळूखालचें व मनांतलें

इ. स. १९२१. थीब्जजवळच्या वाळूंत ब्रिटिश म्यूझियमची एक तुकडी उत्खनन करीत आहे. इम्होटेप नांवाच्या पुरोहिताची ममी हातीं आलेली आहे व तिच्याबरोबर शापाचीं अक्षरें असलेली एक पेटीहि. ती उघडावी कीं नाहीं, यावर सर जोसेफ व्हेंपल व त्यांचे एक स्नेही बाहेर जाऊन वाद घालीत असतांना आंत एकटा राहिलेला तरुण साहाय्यक ती उघडतो आणि आंतील लेख पुटपुटत वाचूं लागतो. पुढें प्रेक्षकांना दिसतो तो केवळ एक हात आणि दाराबाहेर फरफटत जाणारी चिंधी. ऐकूं येतें तें त्या तरुणाचें वेडें हसणें.

युनिव्हर्सल कंपनीचा हा १९३२ चा बोलपट सुमारें दोन लाख डॉलरांत, म्हणजे हॉलिवुडच्या मानानें बेताच्याच खर्चांत, तयार झाला. दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड हा मूळचा छायाचित्रकार. ‘मेट्रोपोलिस’च्या चित्रणांत त्याचा हात होता. काय दाखवूं नये, हें त्याला चांगलें कळे. नट बोरिस कार्लोफ याला पट्ट्यांत गुंडाळून रंगवावयास जॅक पीअर्स या रंगभूषाकाराला आठ तास लागले, आणि तें रूप पडद्यावर मात्र कांहीं क्षणच येतें!

परंतु बोलपटाचा खरा जीव सर जोसेफ यांच्या मौनांत आहे. त्या रात्रीनंतर ते इजिप्त सोडतात व पुन्हां तेथें खणावयास येत नाहींत. दहा वर्षांनीं येतो तो त्यांचा मुलगा, आणि त्याला राजकन्येच्या थडग्याची जागा दाखवितो तो एक सुरकुतलेला, अदबशीर परका गृहस्थ. तो म्हणजेच इम्होटेप. बापानें जें मनांत पुरलें, त्याची किंमत मोजण्याची वेळ मुलावर येते.

या कथेला आधार होता तो ताज्या बातम्यांचा. हॉवर्ड कार्टरला तूतनखामेनचें थडगें १९२२ च्या नोव्हेंबरांत सांपडलें. १९२३ च्या एप्रिलांत त्याचे आश्रयदाते लॉर्ड कार्नार्व्हन वारले. डांस चावलेली जागा दाढी करतांना कापली गेली व रक्तांत विष भिनलें. वृत्तांताचे खास हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ला दिलेले असल्यामुळें इतर पत्रें उपाशी होतीं, त्यांनीं शापाची बातमी उचलून धरली. थडग्याच्या दारावर असा शाप कोरलेला नव्हताच. स्वतः कार्टर १९३९ पर्यंत जगला. पटकथाकार बाल्डर्स्टन हा त्या उत्खननाच्या बातम्या देणाऱ्या पत्रकारांपैकींच एक होता.

इजिप्तचें स्वातंत्र्य इंग्लंडनें १९२२ सालींच, स्वतःचे बरेच अधिकार राखून, मान्य केलें होतें. तूतनखामेनचें धन कैरोंतच राहिलें. सापडलेल्या वस्तु कैरोच्या संग्रहालयाकडे जातात, ही कुरकूर बोलपटांतहि आहे. मात्र उठून येणारा मृत तेथें केवळ भयाचा विषय ठरतो. त्याचें थडगें कोणीं व कोणाच्या परवानगीनें उघडलें, हा प्रश्न फारसा रेंगाळत नाहीं.

इतिहासांतला इम्होटेप जोसर राजाचा मंत्री. सक्काराचा पायऱ्यांचा पिरॅमिड त्यानें रचला असें मानतात. पुढें लोक त्याला रोग बरे करणारा देव म्हणून भजूं लागले. त्याचें थडगें अद्याप कोणाला सांपडलेलें नाहीं.