पानगळीचा फोटो आणि ‘एडिट’चा आरोप

पानगळीचा एखादा चांगला फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘एडिट केलाय ना?’ विचारणाऱ्याच्या मनात निकालही तयार असतो. एडिट म्हणजे लबाडी, आणि कॅमेऱ्यातून आला तसाच ठेवलेला फोटो म्हणजे खरा. स्पर्धांच्या परीक्षकांपासून व्हॉट्सॲपवरच्या मित्रमंडळींपर्यंत सगळ्यांकडून हे ऐकून कान किटले आहेत. या समजुतीपायी नुकसान होतं ते आपल्या झाडांचं, कारण त्यांचे खरे रंग फोटोत उतरतच नाहीत.

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचं शिवार घ्या. घोड-कुकडीचा हा पट्टा पर्जन्यछायेचा. इथली पानगळ ऑक्टोबरात होत नाही. थंडी सरत आली, जमिनीतली ओल हटली, की माघ-फाल्गुनात ती सुरू होते. बांधावरचे कडुनिंब पिवळे पडून झडतात. पिंपळ उघडा होतो आणि थोड्याच दिवसांत तांबूस पालवीने भरतो. काश्मीरच्या चिनारांसारखा लालभडक देखावा इथे नसतो. वाळल्या गवताचा फिका सोनेरी, निंबाचा पिवळा, बाभळीचा धुळकट हिरवा, मुरमाचा तांबूस असे एकमेकांना खेटून असलेले रंग असतात. प्रकाशाची छटा जराशी चुकली की सगळे मिळून मातकट होऊन जातात. म्हणूनच इथे रंगांचा तोल सांभाळणं चिनारांच्या फोटोपेक्षा अवघड आहे, आणि ‘कॅमेऱ्याने दिलं ते घ्या’ हा सल्ला इथे सर्वांत महागात पडतो.

मुळात कॅमेऱ्यातल्या, प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरला रंग कळतच नाही. आपल्यावर किती प्रकाश पडला, एवढंच त्यावरचा प्रत्येक ठिपका मोजतो. रंगाचा पत्ता लागावा म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधले संशोधक ब्राइस बेयर यांच्या नावाचं या रचनेचं पेटंट १९७६ सालचं आहे, आणि आजचे बहुतेक कॅमेरे नि मोबाइल हीच रचना किंवा तिचं सुधारलेलं रूप वापरतात. निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लालचे, पाव निळ्याचे. म्हणजे एका ठिकाणी तीनपैकी एकच रंग प्रत्यक्ष मोजला जातो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. ज्याला आपण अस्सल फोटो म्हणतो, त्यातली दोन तृतीयांश रंगमाहिती अशी अंदाजाने आलेली असते. मग कॅमेऱ्यातला प्रोसेसर व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या छटेनुसार रंगांचा तोल, ठरवतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो, रंग गडद करतो, कडा टोकदार करतो आणि जेपेग तयार करून देतो. हे सारं एडिटिंगच आहे. तुम्ही केलं नाहीत, तर ते कंपनीतल्या इंजिनिअरने, तुमचा निंब न पाहता, आधीच करून ठेवलेलं असतं.

ऑटो व्हाइट बॅलन्सचं तर आणखी वेगळं आहे. समोरचा प्रकाश कोणत्या छटेचा आहे हे कॅमेऱ्याला कुणी सांगत नाही, दृश्यावरून ते त्याला ओळखावं लागतं. त्यासाठीचा एक जुना ठोकताळा असा, की कुठल्याही दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती राखाडी यायला हवी. गर्शोन बुक्सबाउम यांनी १९८० साली या गृहीतकाची गणिती मांडणी केली. आजचे कॅमेरे त्यापुढे गेले आहेत, चेहरे आणि आकाश ओळखून अंदाज सुधारतात, पण फसण्याची जागा तीच आहे. कडुनिंब, गवत आणि मुरूम यांनी चौकट भरली की सरासरी पिवळी येते. प्रकाशच पिवळा असावा असं कॅमेऱ्याला वाटतं आणि तो उतारा म्हणून निळा मिसळतो. निंब निस्तेज होतो, गवत राखाडी पडतं, सगळा फोटो निळा मारतो. ज्या रंगासाठी पहाटे उठून शिवारात गेलात, तोच रंग दोष समजून काढून टाकलेला असतो. असा फोटो ‘खरा’ म्हणून मिरवायचा आणि गेलेला पिवळा परत आणणाऱ्याला लबाड म्हणायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

यावर लोक म्हणतात, ‘आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, तसं तर दिसायला हवं ना?’ जरूर हवं. पण डोळाही प्रकाश जसाच्या तसा मोजत नाही. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांनी रंगीत कागदाच्या तुकड्यांवर प्रयोग केले आणि डिसेंबर १९७७च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ते सविस्तर मांडले. दोन वेगळ्या रंगांच्या तुकड्यांवरून डोळ्यात येणारा प्रकाश त्यांनी अगदी सारखा करून दाखवला, तरी बघणाऱ्याला एक हिरवा आणि एक लालच दिसत राहिला. आजूबाजूच्या रंगांवरून मेंदू प्रकाशाची छटा वजा करतो. झाडाखाली उभं राहिल्यावर सावलीतला निळसरपणा आपल्याला जाणवत नाही तो यामुळेच. घरी स्क्रीनवर फोटो पाहताना मात्र आपण त्या सावलीत नसतो, मेंदूला वजाबाकी करता येत नाही आणि निळा डोळ्यात खुपतो. शेतात मेंदूने जे आपोआप केलं, ते स्क्रीनवर हाताने करणं म्हणजे रंगांचा तोल साधणं. त्यात फसवणूक कसली?

फसवणूक असते, पण ती दुसरीकडे. एडिट म्हणजे खोटंच असं एकदा मानलं, की ‘मग कितीही करा’ असं म्हणायलाही लोक मोकळे होतात, आणि निंबाची पिवळी पानं केशरी-लाल करून ‘महाराष्ट्रातला ऑटम’ म्हणून फिरवली जातात. याची मला पहिल्या समजुतीइतकीच चीड येते. पानातलं हरितद्रव्य विघटित झालं की आधीपासून तिथे असलेली पिवळी द्रव्यं उघडी पडतात. लाल रंगासाठी अँथोसायनिन हे वेगळं द्रव्य पानाला बहुधा नव्याने तयार करावं लागतं. आपला निंब पिवळाच गळतो. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे जो लाल-तांबूस दिसतो, पिंपळाचा काय किंवा सह्याद्रीकडच्या कुसुंबाचा काय, तो बहुतांशी कोवळ्या पालवीचा असतो, गळत्या पानांचा नव्हे. प्रकाशाची छटा दुरुस्त करावी, पानाचा रंग बदलू नये, एवढी सीमा पुरेशी आहे. वृत्तछायाचित्रांची ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ही स्पर्धा मूळ फाइल मागवून तपासते इतकी कडक आहे. तिचे नियमही रंगांत फेरफार करू देतात, मात्र मूळ रंगांपासून फारकत होऊ देत नाहीत.

प्रकाशाच्या छटेची ही दुरुस्ती रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद, ठेवली तर नीट होते. आठ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४. शिवाय व्हाइट बॅलन्स रॉमध्ये पक्का झालेला नसतो. जेपेगमध्ये तो ओढूनताणून बदलला की गवताच्या जवळजवळच्या छटा तुटून पट्टे दिसू लागतात.

व्हाइट बॅलन्स ठरवताना संदर्भ म्हणून ‘पांढरं काहीही चालतं’ असं सर्रास सांगतात, ते चालत नाही. धुतलेल्या टोपीला नीळ दिलेली असते, झेरॉक्सच्या कागदात आणि कपड्याच्या पावडरीत चकाकी आणणारी रसायनं असतात, ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड फेकतात. सॉफ्टवेअरमध्ये अशा पांढऱ्यावर टिचकी मारून त्याला संदर्भ मानलं की फोटो अवाजवी पिवळा होतो. त्याऐवजी साधं ग्रे कार्ड, म्हणजे कुठल्याच रंगाकडे न झुकणारं राखाडी कार्ड, घ्या, आणि ज्या उजेडात झाड आहे त्याच उजेडात धरा.

पण ग्रे कार्डावरून मिळालेला व्हाइट बॅलन्सचा आकडा हा शेवटचा शब्दही नाही. सूर्योदयाच्या प्रकाशात कार्ड पूर्ण राखाडी केलं तर सकाळची दुपार होते. उन्हाचा उबदारपणा दोष नाही, तो दृश्याचा भाग आहे, थोडा राहू द्यावा. चिंचेखाली तर तीन प्रकाश एकदम असतात: कवडशांचा पिवळा, आकाशाकडून सावलीत येणारा निळा आणि पानांतून गाळून आलेला हिरवट. एका आकड्यात तिघे बसत नाहीत. हिरवटपणा टिंटचा स्लायडर किंचित मॅजेंटाकडे नेऊन कमी करावा, सावलीतला निळा मास्क लावून तेवढ्यापुरता उतरवावा, पण मुळापासून काढू नये. सावली थोडी निळी राहिली तरच ऊन ऊन वाटतं.

बाकीचे गैरसमज लवकर आटपतात. ‘केल्विन जास्त तितका प्रकाश उबदार’ हे उलटं आहे: मेणबत्ती सुमारे १,९०० केल्विन, दुपारचं ऊन साधारण ५,५००, ढगाळ आभाळ ६,५००च्या आसपास आणि मोकळी सावली त्याहून वर. सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो तो यामुळे, की आपण त्याला ‘प्रकाश एवढा निळा होता’ असं सांगत असतो. ‘रोलच्या जमान्यात रंग खरे होते’ हेही नाही. उन्हासाठी डेलाइट रोल आणि बल्बच्या उजेडासाठी टंगस्टन रोल वेगळे मिळत, आणि १९९० साली आलेल्या फुजीच्या वेल्व्हियाला निसर्ग-छायाचित्रकारांनी डोक्यावर घेतलं ते तिच्या गडद रंगांसाठीच. ‘सॅच्युरेशन वाढवलं की रंग खुलतात’ म्हणणाऱ्यांनी पळसाच्या फुलांचा लाल हिस्टोग्राम उघडून पाहावा. तो आधीच उजव्या भिंतीला टेकलेला असतो, आणखी वाढवलं की पाकळ्यांचा सपाट केशरी डाग होतो. त्याला इलाज टिपतानाच थोडं कमी एक्स्पोजर देणं हा आहे.

मोबाइलवर रंग ठरवायचे असतील तर आधी स्क्रीनचा व्हिव्हिड मोड आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा. प्रिंट काढली तर ती बल्बखाली न पाहता दिवसा खिडकीशी नेऊन पाहा, आणि स्टुडिओत फाइल देतानाच ‘ऑटो करेक्शन लावू नका’ असं सांगून ठेवा.