पाच फुटांची सरी

उसाच्या फडात तोडणी यंत्र शिरलं की बांधावर आधी ऐकू येतं ते पंख्याचं घोंघावणं. पाचटाचा फवारा मागे उडत असतो. तो थोडा निवळला, की कामाचा क्रम दिसू लागतो. पुढचे दोन मळसूत्री रूळ आडवा पडलेला ऊस उचलून उभा करतात. उंचावरचं पातं वाढे छाटून बाजूला टाकतं. जमिनीलगत फिरणाऱ्या दोन तबकड्या बुडखा कापतात आणि ऊस बुडख्याकडून आत ओढला जातो. रुळांवरून मागे सरकताना पात्यांच्या दोन ढोलांमध्ये त्याच्या वीतभर कांड्या होतात. पंखा पाला बाहेर फेकतो, कांड्या पट्ट्यावरून शेजारी चालणाऱ्या ट्रॉलीत पडतात. तोडणं, सोलणं, मोळी बांधणं, ती डोक्यावरून नेऊन गाडीत रचणं ही सगळी कामं एका फेरीत उरकतात.

यातलं सगळ्यात नाजूक काम बुडख्याचं. उसात साखर सर्वांत जास्त असते ती खालच्या कांड्यांत. त्यामुळे पातं चार बोटं वर राहिलं तरी शेतकऱ्याचं वजन आणि कारखान्याचा उतारा दोन्ही घटतात. खाली गेलं तर माती कारखान्याच्या गव्हाणीत जाते आणि पुढे पुन्हा फुटणाऱ्या उसाचं, म्हणजे खोडव्याचं, बेट उपटून येतं. नव्या यंत्रांत पात्याच्या तेलाच्या दाबावरून ते मातीत घुसल्याचं ओळखून आपोआप वर उचलण्याची सोय असते. पण काळ्या जमिनीत अवकाळी पाऊस झाला, तर कितीही हुशार यंत्र बांधावरच थांबतं.

हे यंत्र घडलं ऑस्ट्रेलियात. तिथे १८६३ पासून क्वीन्सलँडच्या मळ्यांवर पॅसिफिक बेटांवरून माणसं आणली जात, कित्येकदा फसवून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायदा करून त्यांतल्या बहुतेकांची परत पाठवणी झाली. पुढे युरोपातून आलेल्या स्थलांतरितांनी तोड केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेही मिळेनासे झाले. तेव्हा बुंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंसारख्या कारागीर शेतकऱ्यांनी शेडमध्ये खटपट करत यंत्रं उभी केली. १९७०चं दशक संपेपर्यंत त्या देशात हाताने ऊस तोडणं जवळजवळ संपलं होतं.

आपल्याकडे ऊस अजून मुख्यतः कोयत्यानेच तुटतो. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कोपीत राहतात. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. रान चांगलं असेल, तर यंत्र शंभर टनांच्या पुढे जातं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारला चौकशी करावी लागली. कामाचा खाडा परवडत नाही म्हणून बाईने शरीराचं एवढं मोल द्यावं, अशी ही तोड आहे. ती यंत्राकडे लवकर जावी, असं मला मनापासून वाटतं.

निकड शेतकऱ्यालाही आहे. २०२१-२२ चा हंगाम जूनपर्यंत लांबला. मराठवाड्यात उन्हात वाळणाऱ्या उसासमोर माणसं तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयची वाट पाहत बसली होती. तोडीचा नंबर यावा म्हणून टोळीला वरचे पैसे, म्हणजे खुशाली, द्यावी लागते, ती वेगळीच. मार्च २०२३ मध्ये राज्याने ९०० यंत्रांसाठी अनुदान जाहीर केलं: किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांतलं जे कमी असेल ते. जानेवारी २०२४ मध्ये मजुरांचा तोडणी दर ३४ टक्क्यांनी वाढला, तेव्हा यंत्राचा हिशेब कारखान्यांनाही अधिक जवळचा वाटू लागला.

तरी घोडं अडतं ते शेतातच. आपली जुनी सरी तीन फुटांची. तिच्यात यंत्राची चाकं सरळ खोडव्याच्या बेटावरून जातात. यंत्राला साडेचार-पाच फुटांचं अंतर लागतं, बांधाला वळायला मोकळी जागा लागते. कोल्हापूरकडे दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यांत वळण्यातच अर्धा वेळ जातो. त्यात कारखान्याचा तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेवर चालतो. शेजारच्या दोन रानांच्या तारखांत महिन्याचं अंतर असेल, तर एवढं धूड आज या शिवारात आणि उद्या दहा किलोमीटरवर न्यावं लागतं. माझ्या मते अनुदानाइतकंच महत्त्वाचं आहे ते गट करून लागण नोंदवणं. सलग पंधरा-वीस एकर एका आठवड्यात लावले, मधल्या बांधांवर वळायला एकमेकांना मुभा दिली, तर लहान शेतकऱ्याच्या रानातही यंत्र मजेत चालेल.

तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या झटकून टाकू नयेत. कांड्यांसोबत पाला जातो म्हणून कारखाना वजनातून वजावट करतो. ती किती असावी यावर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही, तोवर तो कोयताच मागणार. शिवाय यंत्र वाढ्यांचं भुसकट करतं आणि दुभत्या जनावरांचा हंगामातला हिरवा चारा बुडतो. उलट बाजूला, बारीक झालेलं पाचट रानभर पसरतं. ते न पेटवता खोडव्यात तसंच राखलं, तर ओल टिकते, तण कमी होतं. कांड्या मात्र अख्ख्या उसापेक्षा फार लवकर आंबतात. तोडल्यापासून एका दिवसाच्या आत गाळल्या नाहीत, तर साखर उतरते. गव्हाणीसमोर ट्रॉल्यांची रांग लावून ठेवणाऱ्या कारखान्याने ही सवय सोडल्याशिवाय यंत्राचा फायदा त्याला दिसणार नाही.

आणि कोयता खाली ठेवणाऱ्यांचं काय? एका यंत्रावर चालक, मदतनीस, ट्रॉलीवाले एवढीच माणसं लागतात, आणि त्यांत बाई जवळजवळ नसतेच. ऊसतोड कुटुंबातल्या मुला-मुलींना यंत्र चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवणं, त्यांच्या गटांना कर्ज मिळवून देणं, हे यंत्रांच्या खरेदीसोबतच सुरू व्हायला हवं. उचलीच्या चक्रात अडकलेल्या माणसाला मागाहून शोधायला जाणं कुणाला जमत नाही, हे आपण कापड गिरण्यांच्या बाबतीत मुंबईत पाहिलं आहे.

आडसाली लागणीला जुलैत रान तयार होतं. रिजरचे फाळ तीन फुटांवर आवळायचे की पाच, हे ट्रॅक्टरवाला तेव्हा बांधावरूनच विचारतो. तो ऊस पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर तुटेल आणि त्यानंतरचे दोन-तीन खोडवे त्याच सरीत वाढतील.