मसालेदार बिअरला हॉप्सचा सुगंध हवा का?

अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरील केंद्रीय कर माफ झाला. दालचिनी, लवंग, जायफळ घातलेली नाताळची बिअर ही तेथील छांदिष्टांची खास आवड. आंबवण संपल्यावर तीत पुन्हा हॉप्स घालावेत का, हा मात्र वादाचा विषय आहे.

हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी फुले. उकळताना घातल्यास ती कडवटपणा देतात. थंड बिअरमध्ये काही दिवस भिजवल्यास मुख्यत्वे सुगंधी तेले उतरतात. यालाच ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात.

अडचण काळाची आहे. मसाल्यांचा उग्रपणा मवाळ होण्यास आठवडे लागतात, तर हॉप्सचा ताजेपणा तेवढ्यातच ओसरतो. शिवाय देवदारासारखा किंवा द्राक्षफळासारखा वास लवंगेशी भांडतो. (आमटीत अत्तर ओतण्यासारखेच ते!) संत्र्याची साल आणि धने घातलेल्या हलक्या बिअरला मात्र लिंबूवर्गीय वासाचे हॉप्स शोभतात, धन्यांतील लिनालूल हे सुगंधी द्रव्य हॉप्समध्येही असते.

धोका वेगळाच आहे. हॉप्समधील विकरे उरलेल्या पिष्टमय घटकांची साखर करतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागते. अशी बिअर घाईने बाटलीबंद केल्यास वायूचा दाब वाढून काच फुटू शकते. त्यामुळे घनतामापकाचे आकडे काही दिवस स्थिर राहिल्याखेरीज बूच लावू नये.

मोह आवरत नसेल तर १९ लिटरपैकी चार लिटर वेगळे काढून त्यातच सुमारे सहा ग्रॅम हॉप्स तीन-चार दिवस ठेवावेत. उरलेली बिअर तरी शाबूत राहते.